आबांची किरकिरी लेन्स

आष्ट्याच्या हायस्कुलात बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. भाड्याच्या खोलीचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कानाला काहीतरी टेकवलं. दचकून वळायला गेलो तर आवाज आला, "हिलनेका नही! नुसतं आयका. काय आयकू येतंय?"

"किर्र येतंय," मी म्हणालो.

"शाब्बास! ह्याला म्हंत्यात शिकलेला मानूस. आन् सांगलीचा शेठ म्हणतोय, आवाजच न्हाई!"

वळून बघितलं तर झुबकेदार मिशांचा एक साठीचा गृहस्थ हातात कॅमेरा घेऊन उभा. कॅमेऱ्याला कोपरापर्यंत येईल एवढी लांब लेन्स आणि लेन्सच्या अंगात लोकरीची कुंची. हे शंकरआबा. माझ्या खोलीसमोरच्या फोटो स्टुडिओचे मालक. नाव, गाव, जात, पगार यातलं काहीही न विचारता ज्यांनी ओळख करून घेतली, असे आष्ट्यातले हे एकमेव गृहस्थ.

आबा तरुणपणी पलटणीत होते. फोटोग्राफी तिथंच शिकले. हिंदीही तिथंच शिकले, पण त्यातलं एकच वाक्य उरलं होतं. नवरदेव असो, बारशाचं बाळ असो, प्रदर्शनातला खिलार बैल असो, आबा कॅमेरा डोळ्याला लावून गरजायचे, "हिलनेका नही!" बैल ऐकायचा. बाळं भोकाड पसरायची. आणि फोटो हललेला आला, तर चूक कायम समोरच्याचीच. "माझा हात म्हंजे दगड हाय मास्तर. हलला आसंल तर तुमचा नवरदेव हलला आसंल."

आष्ट्यात आणि आसपासच्या वाड्यांत रीत अशी, की पोरगा सैन्यात भरती झाला की निघायच्या आदल्या दिवशी आबांकडून फोटो काढून घ्यायचा. एक प्रत त्याच्या आईला आणि एक स्टुडिओच्या काचेच्या कपाटात. कपाटात अशा पोरांच्या रांगाच्या रांगा होत्या. फक्त तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. "ती हौसाक्काच्या भानूची," एवढंच आबा म्हणाले आणि मग लगेच, "भानू सुट्टीवर यायच्या आत ही लेन्स गप झाली पायजे."

का, ते सांगेनात.

लेन्स त्यांनी मोटरसायकल विकून सांगलीच्या त्या शेठकडून घेतली होती. "जत्रंत लांबनं फोटो घ्याया," असं जगाला सांगायचे. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं यंत्र तिच्यात होतं. तसली लेन्स आमच्या भागात कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. त्या यंत्राबद्दल विचारलं की आबा नाक मुरडायचे. "ते फुकट आलंय संगट. आपल्याला काय उपेग?"

आवाजाचं निदान मात्र गावानं मनापासून केलं. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, पट्टा ढिला झालाय. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीनं बेरिंग गेल्याचं सांगितलं आणि ग्रीस भरायची तयारी दाखवली. घड्याळजीनं कॅमेरा स्वतःच्या हातात घेऊन बटण दाबलं, तर लेन्स जवळपास गप्पच. आबा खवळले. "पावन्यात गेलं की आमचा नातू बी असाच गुनी हुतो."

मी इंग्रजी शिकवतो हे कळल्यावर कंपनीला पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं. वर्षभराची वारंटी होती. मी अकरा पत्रं लिहिली. आबांचा मजकूर मराठीत सुरू व्हायचा तो असा: "लिवा, की आमी बी फौजेत हुतो." त्याचा लेन्सशी संबंध काय, असं विचारलं की म्हणायचे, "त्यास्नी धाक पायजे." सोबतची पुस्तिकाही मी वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, हात हलेल तसं आतलं भिंग उलट हलून चित्र सावरतं. हात जास्त हलला तर आवाजही जास्त येईल, त्यात बिघाड समजू नये.

"ते पान ज्यांचा हात हलतो त्यांच्यासाठी हाय," आबा म्हणाले. "फुडचं वाचा."

वारंटीच्या कार्डावर मात्र आबांचा भारी जीव. खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते प्लास्टिकमध्ये पक्कं बंद करून आणलं. सांगलीच्या शेठनं दुरुस्तीसाठी त्यावर शिक्का मारला, तो बोटानं पुसून गेला. शेठनं दुसऱ्यांदा मारला. आबांनी मान वाकडी करून बोट फिरवून बघितलं आणि तोही पुसला गेला. शेवटी शेठनं लेन्स तशीच मुंबईला धाडली. महिन्याभरानं लेन्स परत आली आणि सोबत चिठ्ठी, की यंत्र ठीक आहे, मात्र पुढच्या काचेच्या कडेला अनोळखी लाल भुकटी आढळली, ती वारंटीत बसत नाही.

"अनोळखी?" आबा भर दुकानात ओरडले. "कुकू हाय ते! खंडेनवमीला पूजा केली हत्याराची!"

शेठनं कपाळावर हात मारून घेतला. मी बाहेर जाऊन हसून आलो. बिचाऱ्या कंपनीला खंडेनवमी कशी समजावून सांगायची, या विवंचनेत माझं बारावं पत्र अडकलं.

पण ते लिहावंच लागलं नाही. वारंटी संपायला आठवडा राहिला असताना शेठचा निरोप आला. कंपनी कंटाळली होती की काय कोण जाणे, नवी कोरी लेन्स पाठवली होती आणि मुंबईचा कारागीर स्वतः दुकानात आला होता. आबांनी फेटा बांधला. आम्ही एसटीनं सांगलीला गेलो.

कारागिरानं नवी लेन्स कॅमेऱ्याला लावली, बटण दाबलं. अगदी हलकीशी कुजबुज. शेठनं दाबलं, तेवढंच. आबांचा चेहरा असा फुलला, की शेठनं आपणहून चहा मागवला. मग आबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

किर्रर्र.

आबांनी कॅमेरा खाली घेतला, पुन्हा लावला. किर्रर्र. तेव्हा पहिल्यांदाच मी त्या दगडासारख्या हाताकडं नीट पाहिलं. पुस्तिकेतलं ते पान मला आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. अकरा पत्रं लिहिली मी, पण माणसाच्या हाताकडं नजर गेली नव्हती. कारागीर म्हणाला, "आजोबा, त्याचं काय आहे, तुमचा..." तेवढ्यात शेठनं काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"सगळा मालच असा येतोय, आबा," शेठ म्हणाला. "तुमचा काही दोष नाही."

परतीच्या एसटीत आबा लेन्सला कुंची घालून मांडीवर घेऊन बसले होते. कुंचीची नाडी बांधत म्हणाले, "शेठ लय खोटं बोलतो. पन मनानं बरा हाय."

मग त्यांनी भानूचं सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी काढलेला त्याचा फोटो हलला होता. दुसऱ्यांदा काढायला पोरगा होताच कुठं? हौसाक्का फोटो घेऊन आली आणि विचारलं, "आवं आबा, पोरगं फोटोत आसं थरथरतंय का? रडत हुतं व्हय?"

"आन् मी व्हय म्हणालो, मास्तर," आबा म्हणाले. "हात माझा हलला, आन् रडका त्याला ठरीवला. वरीस झालं, पोरगं रडत गेलं म्हणून ती बाई त्याला काय न इचारता जीव जाळतीया. मला वाटलं, लेन्स नीट झाली की झ्याक फोटो काढून दीन, मंग काय सांगाया नगं."

मला आबांचा राग आला आणि त्यांच्या हातावर हात ठेवावासाही वाटला.

तीन दिवसांनी भानू सुट्टीवर आला. आबा मला घेऊन हौसाक्काच्या अंगणात गेले, आणि चहा यायच्या आतच उभ्या उभ्या म्हणाले, "हौसे, तुझं पोरगं रडत नव्हतं. माझा हात हलला हुता. मी खोटं बोललो."

हौसाक्का मग भानूकडं वळली. "खरं रं?"

"आगं, मी कशाला रडतोय?" भानू म्हणाला. "ह्यांनी किती आरडून गप उभा केला हुता मला!"

हौसाक्का इतकी हसली, की पदरानं डोळे पुसावे लागले. मग आबांना म्हणाली, "वरीसभर माझी झोप खाल्ली तुमी. आता बसा, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

जेवणाआधी आबांनी भानूला दारापुढं उभं केलं. कॅमेरा डोळ्याला लावला. किर्रर्र.

"ह्यो कसला आवाज?" हौसाक्कानं विचारलं.

"माझ्या हाताचा," आबा म्हणाले, आणि मग नेहमीसारखे गरजले, "हिलनेका नही!"

भानू ताठ झाला, श्वाससुद्धा घेईना.

"तू घे की रं श्वास," आबा हळूच म्हणाले. "मी हाताला सांगतोय."