पुदिन्यात उतरलेली सासू

"यातलं पाणी कुठं गेलं?" घासून लख्ख केलेल्या पातेल्याकडे बघत नवऱ्याने विचारलं.

"ओतून दिलं," बायको म्हणाली. "हिरवं झालं होतं. वासही मारत होतं."

नवऱ्याची हयात कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली होती आणि बायकोची ओट्यावर दिसेल ते भांडं घासण्यात. तिच्यापायी आजवर त्याचा कितीतरी चहा मोरीत गेला होता. पण हे पाणी वेगळं होतं. कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्यात एक रोल सापडला होता. त्यात बायकोच्या आईचे फोटो होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. रोल धुण्याचं औषध विकणारं दुकान केव्हाच बंद पडलं होतं. तेव्हा नवरा छाती पुढे काढून म्हणाला होता, "औषध मी पाल्याचं करतो. पुदिना उकळायचा, गाळायचा, त्यात धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पूड घालायची."

"मग पुन्हा उकळा," बायको म्हणाली.

"कशाचा उकळू? गॅलरीत नुसते देठ उरलेत. आणि फिल्म डब्यात भिजत घातलीय. जास्त वेळ राहिली तर वरचा थर सुटेल. तुझी आई पाण्यात जाईल."

बायकोचा चेहरा उतरला. "खाली हेडबाईंकडे पुदिना आहे. डबा ठेवून जा, मी बघते."

"तू बघशील म्हणूनच बरोबर नेतोय."

हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. दारात बगलेत डबा धरलेला शेजारी आणि मागे त्याची बायको पाहून त्या म्हणाल्या, "माझ्या कुंड्यांवर वरून साबणाचं पाणी कोण सोडतं, असं मी विचारलं होतं. तेव्हा दार लावून घेतलंत."

"चुकलं," नवरा म्हणाला. "तीन मुठी पुदिना द्या."

सगळी हकिकत ऐकून हेडबाईंनी पुदिना खुडला. "पण उकळायचा इथेच, माझ्यासमोर."

पुदिना उकळून निवेपर्यंत नवऱ्याने बायकोला वर पिटाळलं. ती भांडी घासायची पावडर घेऊन आली. तिला पुन्हा पिटाळलं, तेव्हा सोडा, व्हिटॅमिनची पूड आणि फोटो पक्का करायच्या औषधाची जुनी बाटली आली. झाकण न काढता, त्यातल्या नळीतून हिरवं पाणी डब्यात गेलं.

"आता पंधरा मिनिटं. दर मिनिटाला डबा उलटासुलटा करायचा."

हेडबाईंनी घड्याळ काढलं. "करा."

"केला."

"उशिरा केलात."

सहाव्या मिनिटाला बायको म्हणाली, "झाकण उघडून बघायचं का, कितपत झालंय?"

"उजेड आत गेला की सगळं संपलं. भात नाहीये तो."

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. नवरा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत राहिला.

वेळ संपली. मग बाटलीतलं औषध झालं, धुणं झालं, आणि नवऱ्याने ओली फिल्म खिडकीसमोर धरली.

"ही कोण?" बायको घाबरून म्हणाली. "आईचे केस तर पांढरेशुभ्र होते."

"यात सगळं उलटं दिसतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं."

हेडबाईंनी भिंग आणलं. "यात हात वर केलाय. आशीर्वाद देताहेत."

"नाही हो. फोटो काढू नका म्हणतेय," बायको म्हणाली. भिंग घेऊन ती एकेक चौकट बघत पुढे सरकली आणि पाचव्या चौकटीवर थांबली. तिचे डोळे भरून आले. "हा बघा. अगदी आईच."

नवऱ्याने भिंगाला डोळा लावला. सासूबाई ओठ घट्ट मिटून थेट त्याच्याकडेच बघत होत्या. आपल्या मुलीने याच्यात काय पाहिलं, हा त्यांचा जुना प्रश्न डोळ्यांत जसाच्या तसा होता. पुदिन्याने एक सुरकुतीसुद्धा सोडली नव्हती.

"हा मोठा करून घ्या," बायको म्हणाली. "जेवणाच्या टेबलासमोर लावू. तुमच्या खुर्चीतून नीट दिसेल."

नवऱ्याने भिंग हेडबाईंकडे दिलं.

हेडबाईंनी पुन्हा एकदा भिंगातून बराच वेळ पाहिलं. "एक प्रत मलाही द्या," त्या म्हणाल्या. "माझे जावई दर रविवारी जेवायला येतात."