शिरोडकर काका अडकले

आमच्या घरी पापड तव्यावर भाजतात. पापडाची जाळी समोरच्या शिरोडकर काकांच्या लॅपटॉपखाली आहे. एक त्यांची आणि एक माझी, अशा दोन जाळ्या टेबलावर शेजारी शेजारी, त्यांच्यावर तो काळा, म्हातारा लॅपटॉप, आणि बाजूला टेबलफॅन. त्या फॅनचं तोंड लॅपटॉपकडे. मुलुंडच्या उकाड्यात काका घामाने निथळत असतात आणि लॅपटॉप वारा खात असतो.

“काका, माझी जाळी कधी देताय?” असं विचारलं की ते कळवळून म्हणतात, “वैशाली, काढली तर खालची हवा बंद होईल गं. मग लोड येतो.”

हा लोड म्हणजे काकांचा जन्माचा वैरी. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला, लोड येतो. वालाची उसळ दोनदा घेतली, लोड येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की काका हात वर करून उभे राहतात. “एकेक बंद करा हो, लोड येतोय!”

काकांचा जन्म गेला विक्रोळीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये. मशीन म्हातारं झालं तर त्याला तेलपाणी करायचं, भंगारात काढायचं नाही, हा बाणा. नलिनीकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, कितीदा म्हणाल्या, “नवा लॅपटॉप घ्या आणि माझी सुटका करा.” तर म्हणे, नव्याचं सगळं नव्याने शिकायला लागेल, तोवर ते दोघं कुठल्या कुठे पुढे निघून जातील.

ते दोघं म्हणजे फर्नांडिस आणि भोसले. टूलरूममध्ये तिघं एका बाकावर डबा खायचे. रिटायर झाल्यावर फर्नांडिस गोराईला आपल्या घरी बसला, भोसले साताऱ्याकडे गावी गेला, काका इथे. फर्नांडिसच्या जावयाने तिघांना इंटरनेटवरचा एक गेम लावून दिला आणि दर शनिवारी दुपारी हे तीन म्हातारे राज्य करायला बसतात. झाडं तोडायची, शेतं लावायची, घोडदळ उभं करायचं आणि तिघांनी मिळून कॉम्प्युटरच्या राजाला बडवायचं.

आता नीट ऐका, कारण काकांचं ब्लडप्रेशर ह्या एका नियमावर आहे. ज्याचं मशीन सगळ्यात हळू, त्याच्या वेगाने सगळ्यांचा खेळ चालतो. काकांचा लॅपटॉप अडकला की गोराईचे घोडेही थांबतात आणि साताऱ्याचेही. दोघांच्या पडद्यावर इंग्रजीत पाटी येते, शिरोडकरची वाट पाहतोय. पाटीखाली एक बटण. ते दाबलं की शिरोडकर खेळातून बाहेर.

“एक दिवस कुणीतरी दाबणार गं ते,” काका मला जिन्यात गाठून सांगतात. “माणूस वाट बघून बघून किती बघेल?”

हे मलाच का सांगतात? तर मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे म्हणून. “काका, मी तिथे लोकांचे पगार काढते हो,” मी शंभरदा सांगितलंय. “असू दे, काहीतरी कानावर पडत असेल ना,” हे त्यांचं उत्तर. माझं डोकं फिरतं, पण त्यांचा तो चेहरा बघून रागावताही येत नाही.

उपाय करायचे तेवढे करून झाले. साकीनाक्याला जाऊन आतल्या पंख्याची धूळ काढली, मेमरी वाढवली, जुनी डिस्क काढून झटपट चालणारी बसवली. गेममधल्या सावल्या बंद. पाण्याचं चमकणं बंद. चित्र इतकं खरखरीत करून ठेवलंय की एकदा मी विचारलं, “हा तुमचा सेनापती का?” तर म्हणाले, “नाही गं, झुडूप आहे.” शनिवारी दुपारी काकूंचा टीव्ही बंद, मिक्सर बंद. माझाही मिक्सर बंद! समोरच्या घरातला माझा मिक्सर त्यांच्या घोडदळाला कसा आडवा येतो, हे त्या परमेश्वरालाच माहीत.

आणि कहर म्हणजे काका सैन्यच ठेवत नाहीत. जितके शिपाई तितका लोड, म्हणून ह्यांच्या राज्यात चार मेंढ्या, एक शेत आणि काठी घेतलेला एक पहारेकरी. शत्रू येतो तो पहिला ह्यांना लुटतो. भोसले हसतो, “शिऱ्या, तुला अजून खेळता येत नाही का रे?” काका ऐकून घेतात. मी म्हटलं, “सांगा ना त्यांना, तुमचा खेळ अडू नये म्हणून मी असा खेळतो.” तर दचकून म्हणाले, “छे छे! मग त्यांना वाटेल आपल्यामुळे याला त्रास होतो. तू काही बोलू नकोस हं.”

गेल्या आठवड्यात भोसलेने जाहीर केलं, येत्या शनिवारी सगळ्यात मोठा नकाशा घ्यायचा. झालं! काकांची झोप उडाली. सोमवारी अँटीव्हायरस काढला, मंगळवारी भीती वाटून परत टाकला. बुधवारी माझ्या दारात उभे. “वैशाली, बर्फाच्या पिशवीने काही होईल का?” मी ओरडलेच. “शॉक लागेल काका!” गुरुवारी काकू म्हणाल्या, हे जेवताना घास हातात धरून बसतात. शनिवारी त्यांनी मला बोलावूनच घेतलं. “बस गं जरा ह्यांच्याजवळ. मला बघवत नाहीये.”

मी बसले. खरं सांगते, मलाही धाकधूक वाटायला लागली. काकांनी लॅपटॉपला नमस्कार केला, फोनवर तिघांचा कॉल लावला आणि गेम सुरू झाला. काका दर मिनिटाला लॅपटॉपच्या कडेला हात लावून ताप बघत होते. तिकडे भोसलेचं घोडदळ वाढतच चाललेलं. काका पुटपुटत होते, “बास रे भोसल्या, बास कर ना.” मग भोसले ओरडला, “चला, हल्ला!” आणि सगळं घोडदळ एकदम शत्रूच्या वेशीवर आलं. लॅपटॉपने एक लांब घरघर केली आणि चित्र जागच्या जागी थिजलं.

“वाट लागली,” काका म्हणाले आणि त्यांनी झटकन फोन उचलला, कॉल कट करायला.

“अहो, कट काय करताय?”

“फोन, लॅपटॉप दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना. अडकला की मी लगेच कट करतो, तेवढाच लोड कमी. मग सांगतो, नेट गेलं होतं.” मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “आणि आत्ता ते माझ्या नावाने खडे फोडत असतील. ते कशाला ऐकायचं?”

एवढे दिवस दर वेळी हा माणूस हेच करत आला होता! माझी सटकली. मी फोन त्यांच्या हातातून हिसकावला, आपला आवाज बंद केला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. “आज ऐकाच काय म्हणतात ते.” काकांनी डोळे मिटून घेतले.

“अडकला का रे शिऱ्या?” फर्नांडिसचा आवाज.

“अडकला. बरं झालं,” भोसले म्हणाला. “घोडे पळत असले की बोलणं होत नाही. हां, सांग, डोळ्याचं काय म्हणाला डॉक्टर?”

“ऑपरेशन. पुढच्या आठवड्यात.” फर्नांडिस म्हणाला. “दुसऱ्या डोळ्याने आधीच कमी दिसतं. भीती वाटते रे. मुलीला नाही सांगितलं अजून.”

“शिऱ्याला सांगितलंस?”

“त्याला कधी सांगू? अडकला की त्याचा फोन बंदच होतो. गेल्या वर्षी मेरी गेली तेव्हापण आपण दोघंच बोलत बसायचो. आपल्यात बसायला आवडत नसेल त्याला.”

काकांनी डोळे उघडले. ते फोनकडे बघत होते. फर्नांडिसच्या बायकोच्या, मेरीच्या वेळी काका गोराईला जाऊन आले होते, बाहेरच्या बाकावर तासभर बसून काही न बोलता परत आले होते, एवढं मला ठाऊक होतं. नलिनीकाकूंनी पदर तोंडाला लावला. मला तर रडूच फुटलं, उगाच कशाला लपवू.

तेवढ्यात लॅपटॉपची घरघर थांबली. थिजलेले घोडे हलले, झुडपं हलली, आणि फोनमधून भोसले ओरडला, “आला, आला! चल फर्नांडिस, हल्ला!”

आठवडाभर हा माणूस ह्याच क्षणासाठी जिवाचं रान करत होता. काकांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली करून मिटून टाकलं. मग फोनवर आपला आवाज चालू केला.

“अजून अडकलाय रे माझा,” ते म्हणाले. “मी इथेच आहे. तू बोल फर्नांडिस. कुठला डोळा?”