नवा ड्रायव्हर

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो, हे मी स्वतःच जाहीर केलेलं आहे. त्यामुळे वहिनींच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मी एका सकाळी न विचारताच अपग्रेड करून टाकलं. म्हटलं, खूश होतील.

वहिनी गाड्यांवर लावायची स्टिकरची अक्षरं कापून देतात. कापायचं मशीन इतकं जुनं, की त्याची जाडजूड वायर आजच्या कॉम्प्युटरला बसतच नाही. म्हणून मध्ये अंगठ्याएवढा यूएसबी अडॅप्टर लावलाय. त्या दिवशी दारात कोरी पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. दुपारी ती हॉस्पिटलच्या सेवेत रुजू व्हायची होती, आणि अक्षरांशिवाय तिला वाट कोण देणार? ती घेऊन आलेला गृहस्थ स्टुलावर चहा पीत होता.

वहिनींनी कापायला हुकूम दिला. मशीन ढिम्म.

"मी बघतो," म्हणत मी बाह्या सरसावल्या. वायर बदलली. अडॅप्टरला फुंकर मारली. मशीनला दोन थापट्या दिल्या, तर ते हुंडा न मिळालेल्या सासऱ्यासारखं गप्प. शेवटी स्क्रीनवर कारण दिसलं.

"ड्रायव्हरचा घोळ आहे, वहिनी," मी मोठ्यानं सांगितलं. "जुना चांगला होता. हा नवा अगदीच कुचकामी."

स्टुलावरचा चहा थांबला.

"नव्याला जरा संधी द्या की," मागून आवाज आला.

"संधी कसली?" मी मान वर न करता म्हणालो. "समोर कोण आहे तेही याला ओळखू येत नाही. काढूनच टाकतो, आणि जुन्याला परत आणतो."

माझ्यासमोर किल्ल्या आपटल्या. "मग गाडी तुम्हीच न्या साहेब," असं म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर चालू लागला. त्याला नोकरीवर लागून आठवडाही झाला नव्हता.

मी किल्ल्या हातात घेऊन बसलो. वहिनींनी मात्र त्याला रस्त्यात गाठलं.

"दादा, ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. त्या अडॅप्टरशी बोलायचं काम त्याचं. तुम्हाला कोण काढतंय?"

त्याला हसत हसत परत आणून बसवलं, नवा चहा दिला आणि मग माझ्याकडे वळल्या. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"भावजी, काल मशीन चालत होतं. मध्ये काय बदललं?"

"कर्नेल."

"कालचं पुसलंत का?"

"नाही. सुरू करताना निवडता येतं."

"मग निवडा की."

निवडलं. मशीन खरखरत कापू लागलं. पुढच्या काचेखाली लावायची उलटी अक्षरं वहिनींनी एकही बुडबुडा न येऊ देता चिकटवली. मी आणि ड्रायव्हर शेजारी उभे राहून नुसते बघत होतो. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

गाडी वेळेत गेली. मग वहिनींनी तो ड्रायव्हर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना चारच ओळी कळवल्या: अडॅप्टर कोणता, कुठल्या कर्नेलवर चालतो, कुठल्यावर नाही. मी लिहिलं असतं तर आधी माझा अनुभव सांगितला असता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. दोष सापडला होता, दुरुस्तीही तयार होती.

"तुम्ही अपग्रेड केलंत म्हणून सापडला, भावजी," वहिनी म्हणाल्या. माझी छाती फुगली. मोठ्या झोकात मी ती दुरुस्ती बसवायला कॉम्प्युटरपुढे बसलो.

पासवर्ड बदललेला होता.