मवाळाचा बँड

वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की असं काही थडथडायचं, की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन वर बघायचे. शेवटी चष्मेवाल्याच्या बायकोने मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऐकलं की कळेल काय बिघडलंय." बायको नर्स, ड्यूटीवर निघालेली. तिने मेकॅनिकचा नंबर नवऱ्याला दिला, हे काम त्याच्यावर सोपवलं, आणि इथेच माशी शिंकली.

चष्मेवाला तसा गरीब गाय. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवून "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" विचारायचं आणि घरी येऊन हेवी मेटल नावाचं ढणढणाटी संगीत ऐकायचं, एवढंच त्याचं व्यसन. नुसतं ऐकून भागलं असतं तर काय हवं होतं! पण मेटलवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता, आणि तिथे गाणं आवडलं का, असं कोणी विचारत नसे. गाणं डूम की डेथ, ब्लॅक की थ्रॅश, आणि त्यातही कुठल्या पोटशाखेचं, यावरून तिथे रोज डोकी फुटायची. सोयरीक जुळवणारी आत्याबाई एवढ्या चौकशा करणार नाही! एकदा या बिचाऱ्याने एका गाण्याला "गोड आहे" म्हटलं, आणि ग्रुपच्या प्रमुखाने, म्हणजे 'यमदूत' नावाने वावरणाऱ्या गृहस्थाने, त्याचं नाव 'मवाळ' ठेवलं. ते नाव त्याच्या जिव्हारी लागलं होतं. ते पुसून निघावं म्हणून तो वाट्टेल ते करायला तयार होता.

दर शनिवारी ग्रुपवर एक खेळ चालायचा. कोणीतरी काही न सांगता गाण्याचा तुकडा टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याचा प्रकार ओळखायचा. "माहीत नाही" म्हणणं म्हणजे भर चौकात नाक कापून घेणं. नेमक्या अशाच शनिवारी चष्मेवाल्याने मशीनचा आवाज रेकॉर्ड केला, आणि मेकॅनिकऐवजी ग्रुपवर पाठवून तो आंघोळीला गेला.

बाहेर येऊन बघतो तर ग्रुपवर रण माजलेलं.

"डूम आहे," 'कवटी'ने लिहिलं होतं. "चाल बघा, कशी पाय ओढत चाललीय."

"डूम तुझ्या घरी! शेवटी वेग वाढतो तो ऐकलास का? ब्लॅक आहे, तोही तळघरात वाजवलेला," दुसऱ्याने सुनावलं होतं.

"दोघंही कान साफ करून या," यमदूताने निकाल दिला होता. "हा इंडस्ट्रियल स्लज. असला ड्रमर मी उभ्या जन्मात ऐकला नाही. या माणसाने फार भोगलंय."

आवाज भलतीकडेच गेला, हे चष्मेवाल्याला आत्ता कळलं. त्याने "माफ करा, चुकून" एवढं लिहिलं, तोच यमदूताचा पुढचा निरोप आला. "मानलं तुला! आजपासून तू मवाळ नाहीस, गुरू आहेस. दुसरं गाणं कधी?"

चष्मेवाल्याने लिहिलेलं पुसलं. "पुढच्या शनिवारी," त्याने कळवलं. छाती अशी काही फुगली की टॉवेल सुटायची वेळ आली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आवाज पाठवलास?"

"पाठवला."

"मग काय बिघडलंय म्हणे?"

"मतभेद आहेत."

"एका माणसात?"

"विषय खोल आहे गं," असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं.

आता मशीन शनिवारपर्यंत बिघडलेलंच राहणं भाग होतं. "मेकॅनिक गावाला गेलाय," अशी थाप मारून तो बायकोचे पांढरे युनिफॉर्म हाताने धुऊ लागला. हाताने म्हणजे काय, नुसते पाण्याला दाखवून आणायचा. युनिफॉर्म राखाडी पडले. "आज पेशंट मला विचारतो, सिस्टर, तुमची तब्येत बरी आहे ना?" ती कडाडली. तिने स्वतःच मेकॅनिकला फोन लावला. तो गावातच होता, आणि आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता! शनिवारी दुपारी ती रजा टाकून घरी थांबली, मेकॅनिकने येऊन पट्टा बदलला आणि मशीन गप्प झालं.

चष्मेवाला दुकानातून आला तो थेट मशीनकडे. बटण दाबलं, तर नुसती गुणगुण. ग्रुपवर सगळे "गुरू, कुठे आहात?" म्हणून खोळंबलेले. त्याने मशीनला लाथ मारून पाहिली. शेवटी दिसले ते जाडजूड बूट आतल्या ओल्या कपड्यांत टाकले, फोनवर बोट दाबून धरलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बरं चाललं होतं. तेवढ्यात पाठीमागून आवाज फुटला.

"माझे ड्यूटीचे बूट? मशीनमध्ये? अरे, या घरात माणसं राहतात की भंगार? मी राबायचं आणि तू खेळ मांडायचे? बंद कर! बंद कर म्हणते ना!"

दचकून त्याचं बोट सुटलं, आणि बोट सुटलं की निरोप जातो.

"काय पाठवलंस? आण इकडे," बायको म्हणाली. लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्याने फोन दिला आणि रडवेला होऊन सगळं सांगून टाकलं. "मला तिथे सगळे मवाळ म्हणायचे गं. आठवडाभर गुरू होतो. फार बरं वाटत होतं." एकेक उत्तर येत होतं, ती मोठ्याने वाचत होती.

"'बँड बाजारू झाला. पहिल्या गाण्यातली आग विझली.'"

त्याने खाली मान घातली.

"'पण गायिका! काय गळा आहे!' 'हा थ्रॅश.' 'थ्रॅश कसला, शुद्ध डेथ.' 'बंद कर म्हणते तिथे माझ्या अंगावर काटा आला.'" ती थांबली. "हा यमदूत कोण रे?"

"ग्रुपचा प्रमुख. का? काय म्हणतो?"

"'मवाळ, तुझं तू बघ. गायिका ठेवा, बाकीचा बँड बदला.'"

पुन्हा मवाळ! चष्मेवाल्याचा चेहरा पडला. बायकोने मात्र ते वाक्य मनातल्या मनात आणखी एकदा वाचलं.

"जाणकार माणूस दिसतो," ती म्हणाली. मग मशीन उघडून तिने ओल्या कपड्यांची बादली भरली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "चला, बाकीचा बँड. वाळत घाला हे."