काच दिसाया नगं

ठकूमावशी कुणाच्याही घरी गेली, की पाणी पिण्याआधी पदराचं टोक ओलं करून खिडकीची काच पुसते. मग मान वाकडी करून बघते आणि म्हणते, "काच दिसाया नगं." काच आहे हे कळलं, म्हणजे ती नीट पुसलेली नाही, हे तिचं शास्त्र.

मावशी मूळची कुरवंड्याची. लोणावळ्यात स्टेशनामागच्या चाळीत ती माझ्या शेजारच्या खोलीत एकटी राहते. इंजिनांची काजळी दिवसभर तावदानांवर बसते आणि मावशी दिवसभर तिच्याशी भांडते. फडक्यातून चाळलेली राख, चिंचेचं पाणी आणि जुना कागद, एवढ्यावर तिची लढाई चालते. विलायती पावडरीला ती हात लावत नाही. ते पाहून मी भारावून म्हणालो, "मावशी, तुम्ही खऱ्या देशभक्त!"

"कशाची भक्त? ती पावडर वरखडं पाडती."

कागद मी पुरवायचो. तिला अक्षर येत नाही, पण मतं ठाम. सरकारची तळी उचलणारं एक वर्तमानपत्र मी संतापून फेकलं, तर तिने ते उचललं. "हे लय गुणाचं. डाग म्हनून सोडत न्हाई." सरकारविरुद्धचं माझं पत्रक मात्र तिने परत आणून दिलं. "बाबा, तुजी शाई काचंला चिकटती. हे मानसांतच वाट."

मी तेच करत होतो. आता ते सरकार गेलं, म्हणून उघड लिहितो. त्या पत्रकावर बंदी होती. एक जरी खोलीत सापडलं असतं, तर तुरुंग ठरलेला. तरी उरलेला गठ्ठा माझ्या खाटेखाली होता आणि दाराला नुसती कडी.

एका संध्याकाळी मी इंदुरी गावात पत्रकं वाटून परतलो, तर दारात फौजदार आणि शिपाई. आत पाहिलं, तर खाटेखाली काही नाही. मावशी माझी खिडकी पुसत होती. शेजारी बादलीत चिंचेचं पाणी आणि त्यात माझ्या पत्रकांचा लगदा! नाक्यावर माझं घर विचारणारे पोलीस तिला तिच्या खिडकीतून दिसले होते.

"म्हातारे, काय चाललंय?" फौजदार ओरडला.

"डोळं न्हाईत व्हय? काच पुसती."

"अगं, काच तर काळी झाली!"

"कागुदच दळभद्री, त्याला मी काय करू? सरक, उजेड अडवू नगंस."

फौजदाराने बादलीत काठी घातली, लगदा उचलून पाहिला, नाक मुरडलं आणि तो शिपायाला घेऊन निघून गेला.

मी मावशीच्या पाया पडलो. "मावशी, तुम्हाला धरलं असतं तर?"

"तुरुंगातल्या खिडक्या तरी कोन पुसतंय," ती म्हणाली. मग बादलीकडे बघत हळूच बोलली, "तू गेलास, तर भिंतीपल्याड खोकनार कोन? सांजंला तुजा खोकला ऐकला, की वाटतं, हाय कुनीतरी."

माझा खोकला केव्हाच बरा झाला आहे. तरी दिवेलागणीला मी रोज एकदा खोकतो. चांगला मोठ्याने.