मधली सासू

आमच्या नगरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात दोन माणसं बोलत उभी राहिली, की क्वालिटीचे शेळके साहेब आपला रुंद देह घेऊन बरोबर त्यांच्या मध्ये येऊन उभे राहतात. काम काही नसतं. नुसते उभे राहतात.

हा आजार त्यांना मालातून लागला. आम्ही इंटरनेटच्या यंत्रांसाठी कनेक्टर बनवतो. नखाएवढ्या तुकड्यात पिनांची दाटी. सिग्नल वेगानं पळायला लागला, की एका पिनेतला शेजारच्या पिनेत झिरपतो. पुस्तकात त्याला क्रॉसटॉक म्हणतात, साहेब 'चहाडी' म्हणतात. उपाय एकच, मध्ये अर्थिंगची पिन. तिचं नाव साहेबांनी 'सासू' ठेवलंय. "मधी सासू बसवा. मंग कुनी कुनाच्या कानाला लागत न्हाई." एकदा परदेशी ग्राहकांसमोर तुकडा तपासताना ते "मदर-इन-लॉ मिसिंग!" असं ओरडले. पोलिसांत कळवलंत का, असं त्या भल्या माणसांनी गंभीरपणे विचारलं.

इथवर ठीक होतं. पण साहेब ही अक्कल घरीही नेत. त्यांच्या बायकोची, विमलवहिनींची बहीण शेवगावहून आली, की हे दोघींच्या मध्ये पेपर उघडून बसत. शेवटी दिवाळीत वहिनी म्हणाल्या, "बहिणीकडं पोटभर बोलायला चाललेय," आणि गेल्या. संक्रांत आली तरी परतल्या नाहीत. घरातली चहाडी शून्यावर आणल्याबद्दल साहेबांचा सत्कार करावा, अशी सूचना मीच कँटीनमध्ये मांडली होती.

तिळगूळ द्यायला मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो. चहा साहेबांनीच केला, साखर विसरले. त्यावरून आम्ही दोघं कुजबुजलो आणि दचकून गप्प झालो.

"थांबला का? बोला की," साहेब म्हणाले. "घर लई गप झालंय. करमत न्हाई." मग माझ्या बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, तिला फोन लावता? माझा उचलत न्हाई. म्हनावं, आता मधी न्हाई बसनार."

फोन लागला. दोघी तिळगुळाच्या पाकावरून सुरू झाल्या त्या थांबेचनात. विमलवहिनींचं हसू फोनमधून बारीक बाहेर येत होतं. साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, पुढे येईनात. फोन घ्या, अशी मी खूण केली.

त्यांनी मान हलवली. "बोलू द्या त्यान्ला. मला हितनं ऐकू येतंय."