यादीत नसलेली रॅम

मुलीच्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरला रॅम घ्यायची होती. बाकी सगळं घरी येऊन पडलं होतं. शनिवारी चार वाजता तिच्या संघाचा निवड सामना, आणि आज मंगळवार. वेळ भरपूर आहे असं ज्यांना वाटेल, त्यांनी तिच्या वडिलांना पाहिलेलं नाही.

वडील निवृत्त छाननी अधिकारी. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही अपुरा अर्ज पुढे सरकला नव्हता. पुरे अर्जही फारसे सरकले नव्हते.

दुकानदाराने रॅमच्या दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "तुमच्या मदरबोर्डाला हीच बसते. बिनधास्त न्या."

"यादीत आहे का?" वडिलांनी पिशवीतून मदरबोर्ड कंपनीची सव्वीस पानी यादी काढली. कंपनीने तपासून पाहिलेल्या सगळ्या रॅम तीत होत्या. ही नव्हती.

"काका, त्यातल्या अर्ध्या आता बनतच नाहीत. ही चालते."

"चालते, हे तुम्ही कोणत्या अधिकारात म्हणता?"

दुकानदाराने जन्मात पहिल्यांदाच स्वतःच्या अधिकाराचा विचार केला आणि 'न चालल्यास परत घेऊ' असं पावतीमागे लिहून दिलं.

पट्ट्या घरी आल्या आणि 'निर्णयाधीन' अशी चिठ्ठी लावून कपाटात गेल्या. वडिलांनी मदरबोर्ड कंपनीला ईमेल धाडला. कंपनीने कळवलं, रॅमवाल्यांना विचारा. रॅमवाल्यांनी कळवलं, मदरबोर्डवाल्यांना विचारा. दोन्ही उत्तरं वाचून वडिलांना आपली कचेरी आठवली आणि त्यांचे डोळे पाणावले.

शनिवारी दुपारी ते पाय मोकळे करायला बाहेर पडले. आईने कपाटाची किल्ली मुलीच्या हातात ठेवली. "मी काही पाहिलेलं नाही," असं म्हणून ती खुर्ची ओढून सगळं पाहत बसली.

पट्ट्या खटकन बसल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. सव्वापाचला मुलीचा संघ एका गुणाने पुढे होता आणि वडील दारात होते.

"बंद कर ते."

"बाबा, दोनच मिनिटं. चालतोय बघा ना."

"चालतोय, हे कशावरून?"

"दिसतंय की."

"दिसणं हा पुरावा होत नाही. मान्यता नसलेलं यंत्र आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

एवढं बोलून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. जबाबदारी निश्चित झाली.

संघ हरला. निवड हुकली. मुलगी काळ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

"झालं समाधान?" आईने विचारलं.

"समाधानाचा प्रश्न नाही. इतरांना सावध करणं कर्तव्य आहे," म्हणत वडिलांनी दुकानाच्या वेबसाइटवर अभिप्राय भरला. 'सदर रॅम बसवली असता ऐन सामन्यात कॉम्प्युटर बंद झाला. पाचपैकी एक तारा.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोणी बंद केला, असा रकानाच तिथे नव्हता.

महिन्याभरात मदरबोर्ड कंपनीची नवी यादी आली. तीत ग्राहकांच्या अनुभवावरून 'टाळाव्यात' अशा रॅमचं वेगळं पान होतं. पहिलीच ही. वडिलांनी ते पान मुलीपुढे ठेवलं.

"बघ. मी काय म्हणत होतो?"

मुलीने ते पान पालथं घातलं. तिच्या संघात आता दुसरी कोणीतरी खेळते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये हीच रॅम आहे. कॉम्प्युटरला याद्या वाचायची आवड नसल्यामुळे तो चालतो.

इकडे दुकानदाराकडे तसल्या बाकीच्या पट्ट्यांवर धूळ साचली आहे. वडिलांच्या अभिप्रायाखाली 'उपयुक्त वाटले' हे बटण आजवर चारशे बारा जणांनी दाबलं. त्यांपैकी एकानेही ती रॅम हातात धरलेली नाही. दाबणाऱ्यांची नावं तिथे ओळीने दिलेली आहेत.

तुम्हीही कधी असंच बटण दाबलं असेल, तर काळजी नसावी. तुम्ही यादीत आहात.